समुद्र खवळतो तेव्हा

सोमेश्वरनगर, बारामती, इंदापूर हा आपला मुलूख उसाचा, कालव्याचा आणि साखर कारखान्याचा. समुद्र पाहायचा तर घाट उतरून कोकणात जावे लागते, नाही तर मुंबई गाठावी लागते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतील कित्येकांनी समुद्र पाहिला तो सहा डिसेंबरला, दादरच्या चैत्यभूमीवर उभे राहूनच. आता दिवस पालटले आहेत. मुलगा-मुलगी नोकरीला लागतात, कारखान्यातून निवृत्त होताना चार पैसे हाती येतात आणि 'एकदा आई-वडिलांना बोटीतून फिरवून आणू' असे घरात बोलले जाते. कोणी गेटवेहून घारापुरीला जातो, कोणी मांडव्याला. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही बोट आली, २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'ची मोठी क्रूझ मुंबईहून सुटू लागली. तिची पत्रके आता तालुक्याच्या गावातील टूरवाल्याच्या टेबलावरही दिसतात.

ही आनंदाचीच गोष्ट आहे. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो, असे सांगणारे लोक या देशात होते. त्याच काळात १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. म्हणजे भर पावसाळ्याच्या दिवसांत त्यांनी बोटीने महासागर ओलांडला. तेव्हा समुद्राला भिण्याचे कारण नाही. पण समुद्राला न भिणे आणि समुद्राविषयी काही माहिती नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्येच वारा सुटला, लाटा उठल्या, बोट हेलकावू लागली तर काय करायचे? 'जे नशिबात असेल ते होईल' असे म्हणून डोळे मिटायचे काय? नाही! वारा आपल्या हातात नसतो, परंतु वाऱ्यात सापडलेल्या माणसांचे काय होते हे बरेचसे माणसांच्याच हातात असते. आजवरचे अपघात नीट पाहिले तर हेच दिसते.

वारा, लाट आणि ऋतू

लाट कशाने उठते? देवीच्या कोपाने नव्हे, वाऱ्याने. वारा जितका जोराचा, जितका वेळ आणि जितक्या मोठ्या पाण्यावरून वाहील तितकी लाट मोठी होते. म्हणून शेततळ्यात वादळ आले तरी पाणी फक्त थरथरते आणि अरबी समुद्रात दोन-तीन पुरुष उंचीच्या लाटा उठतात. शिवाय लाट आपल्या वाऱ्याच्या पुढे धावते. शेकडो मैलांवर वादळ झाले तर त्याच्या लाटा स्वच्छ ऊन पडलेल्या किनाऱ्यावरही येऊन आदळतात. म्हणून आभाळ निरभ्र आहे, म्हणजे समुद्र शांतच असेल, असा हिशेब चालत नाही.

आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा समुद्रावरून थेट जमिनीवर येतो. या दिवसांत समुद्र सारखा खवळलेला असतो. म्हणूनच जून-जुलैत कोळी बांधवांच्या होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि गेटवे-मांडवा लाँच मे महिन्याच्या अखेरीस बंद होतात. जुन्या काळी मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, गोवा अशी कोकण बोट चालत असे, तीही पावसाळ्यात बंद राही. याखेरीज चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत : एक पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी' वादळ आले, ते आपल्यातील अनेकांना आठवत असेल. महापरिनिर्वाण दिनासाठी आलेल्या लोकांना शिवाजी पार्कच्या चिखलातून उठून महापालिकेच्या शाळांमध्ये आसरा घ्यावा लागला होता. वादळ दूर समुद्रात होते, तरी त्याचा पाऊस आपल्या अंगावर आला.

सहलीला सर्वांत बरा काळ म्हणजे थंडीचा, साधारण डिसेंबर ते मार्च. पण 'ओखी'ने दाखवून दिले त्याप्रमाणे महिना बघून भागत नाही, त्या आठवड्याचा हवामान अंदाजही पाहावा लागतो. हवामान खात्याचा अंदाज रेडिओवर, टीव्हीवर, मोबाईलवर फुकट मिळतो. बंदरात 'तीन नंबरचा बावटा' लावला, अशी बातमी आपण वाचतो. तो बावटा म्हणजे बंदरात जोराचा वारा येण्याचा इशारा. त्या दिवशी 'लांबून आलो आहोत, तिकीट काढले आहे' म्हणून हट्ट धरू नये.

'रामदास'चा धडा

१७ जुलै १९४७. देश स्वतंत्र व्हायला एक महिना उरला होता. गुरुवारचा दिवस, मुंबईत कामाधंद्याला असलेली माणसे गटारी अमावास्येला गावी निघाली होती. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती. पाऊस होता, वारा होता, समुद्र उसळलेला होता. अर्ध्या तासात, काशाच्या खडकाजवळ, बोटीवर मोठी लाट आली. पाणी आत शिरले. घाबरलेले लोक पाण्यापासून दूर, दुसऱ्या बाजूला धावले. सारा भार एका अंगाला आला, बोट कलली, आणि पुढच्या लाटेने ती उलटली. काही मिनिटांत सगळे संपले. सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईपासून इतक्या जवळ शेकडो माणसे बुडत होती आणि शहराला कित्येक तास पत्ताच नव्हता. एक लहान मुलगा तरंगत्या कड्याला धरून गेटवेपर्यंत वाहत आला, तेव्हा कुठे बातमी कळली असे सांगतात. ज्यांचे प्राण वाचले त्यांतले बरेच जण रेवसच्या कोळ्यांमुळे वाचले. त्यांनी आपल्या होड्यांतील मासळी समुद्रात फेकून दिली आणि त्या जागी माणसे घेतली. दिवसाची कमाई पाण्यात टाकून परक्याचा जीव वाचवणाऱ्या या गरीब माणसांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

त्याआधी वीस वर्षे, १९२७ च्या नोव्हेंबरात, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी याच किनाऱ्यावर वादळात बुडाल्या होत्या. म्हणजे इशारा आधीच मिळालेला होता! तरीही भर पावसाळ्यात, बिनतारी यंत्राशिवाय, शेकडो कामकरी माणसे भरून बोट समुद्रात काढली गेली. लाट वाऱ्याने आणली हे खरे. पण बिनतारी यंत्र नसणे, त्या दिवशी बोट सोडणे आणि घाबरल्यावर एका बाजूला धावू नका हे प्रवाशांना कोणी न सांगणे, हे वाऱ्याचे काम नव्हते. ते माणसांचे होते.

मोठी बोटही हेलकावते

क्रूझ म्हणजे तरंगते हॉटेल, तिला वादळाचे काय, असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. मोठ्या बोटीचा तळ जड असतो, म्हणून ती कलली तरी पुन्हा सरळ होते. तिच्या पोटाला दोन्ही बाजूंनी माशाच्या परांसारखे पंख असतात, ते आडवे डोलणे बरेच कमी करतात. कप्तानाजवळ रडार असते, हवामानाचे अंदाज मिळत असतात आणि तो वादळाला वळसा घालून जाऊ शकतो. पण मोठी लाट समोरून आली की सर्वांत मोठी बोटही नाकाडाने वर चढते आणि खाली आपटते. कपबशा घसरतात, दारे आपटतात, चालताना माणूस भिंतीला धडकतो. पहिल्यांदा हे अनुभवणाऱ्याला वाटते की आता बोट फुटणार. तसे नसते. बोट लाटेबरोबर हलते म्हणूनच ती टिकते.

तरी मोठ्या बोटीलाही माणसाची चूक भोवते. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यावर 'वायकिंग स्काय' ही क्रूझ वादळात सापडली. बोटीवर १३७३ माणसे होती. इंजिनात वंगणाचे तेल हवे तितके भरलेले नव्हते. बोट जोरात हेलकावू लागली तसे ते तेल टाकीत इकडेतिकडे उसळले, पंपांनी तेलाऐवजी हवा ओढली आणि इंजिने आपोआप बंद पडली. बोट वाऱ्यावर खडकांकडे सरकू लागली. कप्तानाने ताबडतोब मदतीचा संदेश दिला, नांगर टाकले. सर्वांना लाईफ जॅकेट घालून ठरलेल्या जागी बसवण्यात आले. हेलिकॉप्टरमधून दोर सोडून एकेकाला वर ओढले, अशी ४७९ माणसे उचलली. पुढे इंजिने चालू झाली आणि दुसऱ्या दिवशी बोट बंदराला लागली. एकही माणूस दगावला नाही.

'रामदास' आणि 'वायकिंग स्काय' यांची तुलना करून पाहा. दोन्हीकडे समुद्र खवळलेला, दोन्हीकडे माणसांकडून हयगय झालेली. परंतु एकीकडे संदेश देण्याची सोय होती, प्रत्येकाला जॅकेट होते, कुठे बसायचे हे आधी शिकवले होते. दुसरीकडे यातले काहीच नव्हते. फरक समुद्राचा नव्हता, तयारीचा होता.

म्हणून क्रूझवर चढल्यावर बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच जी कवायत घेतात तिला टाळू नका. जेवणाच्या हॉलकडे धावण्याआधी ती पुरी करा. आपले जॅकेट कुठे आहे, आपली जमण्याची जागा कोणती, सात लहान आणि एक लांब भोंगा वाजला तर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावे. इंग्रजीत सांगितलेले कळले नाही तर पुन्हा विचारावे. त्यात लाज कसली? आपणही तिकिटाचे पैसे मोजलेले आहेत.

आणखी एक गोष्ट. हवा बिघडली तर कप्तान ठरलेले बंदर वगळतो, वाट बदलतो, कधी बोट उशिरा सोडतो. वर्षभर पै-पै साठवून आलेल्या कुटुंबाला वाटते की आपल्याला फसवले. पण हा अधिकार कप्तानाला असतो आणि तिकिटाच्या अटींतही तसे लिहिलेले असते. अटी आधी वाचून घ्याव्यात. पैशांबाबत तक्रार असेल तर ती घरी आल्यावर लेखी करावी. भर वादळात कप्तानावर दबाव आणू नये.

बोट लागली तर

जशी घाटात गाडी लागते तशी समुद्रावर बोट लागते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते की आपण हलतो आहोत. केबिनमध्ये बसलेले डोळे सांगतात की समोरची भिंत तर स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ, घाम, उलट्या सुरू होतात. हा काही अशक्तपणा नाही आणि नजर लागण्याचाही प्रकार नाही. मुरलेल्या खलाशालाही कधीकधी बोट लागते.

उपाय साधे आहेत. हवा फार वाईट नसेल आणि डेक खुला असेल तर मोकळ्या हवेत बसून दूरवर पाणी आणि आभाळ मिळते त्या रेषेकडे पाहावे. डेक बंद केला असेल तर बाहेर जाण्याचा हट्ट न करता बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावे. तिथे हेलकावे सर्वांत कमी असतात. तिकीट काढतानाच मधली, खालची केबिन मागितली तर ती बहुधा स्वस्तही पडते! पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तुडुंब भरूही नये. भात, पोळी, बिस्किट असे हलके खावे, आल्याचा तुकडा चघळावा. मोबाईलमध्ये डोके घालून बसू नये. दारू तर टाळावीच. तिने उलट्या वाढतात आणि संकटाच्या वेळी माणूस स्वतःच्या कामाचा राहत नाही, तर दुसऱ्याच्या काय येणार?

उलटीच्या गोळ्या प्रवासाआधी घ्याव्या लागतात, मळमळ सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांनी झोप येते. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे आणि ज्यांना दुसरी औषधे चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. ब्लडप्रेशर, साखर यांच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. उलट्या झाल्या तर मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट द्यावे. मधुमेह असणाऱ्यांना काय द्यावे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

उजनीच्या पाण्यातही वारा असतो

'आम्ही कुठले क्रूझवर जातो!' असे म्हणणाऱ्या वाचकांनी पुढचे अवश्य वाचावे. वाऱ्याला समुद्रच लागतो असे नाही, मोठे पाणी असले की पुरे. ते तर आपल्या दारातच आहे. उजनी धरणाचे पाणी इंदापूर तालुक्यात मैलोन्‌मैल पसरलेले आहे. भिगवणकडे पक्षी पाहायला लोक होडीतून फिरतात. पलीकडच्या तालुक्यात जायचे तर रस्त्याचा लांबचा वळसा वाचवण्यासाठी होडीत बसतात.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे अशीच एक होडी निघाली. होडीत सात जण होते. अचानक वादळी वारा आणि पाऊस सुरू झाला, होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. बाकीचे सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. त्याआधी ३० एप्रिल २०१७ रोजी याच उजनीत सहलीला गेलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चार डॉक्टर मरण पावले होते. म्हणजे शिकलेल्या माणसालाही पाणी ओळखत नाही.

आपली मुले विहिरीत, कालव्यात पोहायला शिकतात. परंतु विहिरीला कठडा जवळ असतो, पाणी स्थिर असते. लाटा तोंडावर येत असताना, अंगावरचे कपडे भिजून जड झालेले असताना चांगला पोहणाराही दमतो. विहिरीत शिकताना आपण मुलाच्या पाठीला हवाबंद डबा बांधतो ना? लाईफ जॅकेट म्हणजे तोच डबा, अधिक शहाणपणाने बनवलेला. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळात मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला, तेव्हा त्यावर २६१ कामगार आणि कर्मचारी होते. सत्तरहून अधिक जण गेले, १८६ जणांना नौदलाने वाचवले. त्यांतले कित्येक जण रात्रभर उसळत्या लाटांत जॅकेटच्याच आधाराने तरंगत होते. त्या वादळाचा इशारा हवामान खात्याने काही दिवस आधी दिलेला होता, हेही विसरता कामा नये.

आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेली 'नीलकमल' लाँच तर भर दुपारी, शांत समुद्रात बुडाली. नौदलाची वेगवान बोट येऊन तिला धडकली आणि १५ जणांचे प्राण गेले. लाँचचा परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा होता, प्रत्यक्षात शंभरावर माणसे होती. बहुसंख्य प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. शांत पाण्यात ही गत, तर वादळात काय होईल?

बोटीत पाय ठेवण्यापूर्वी

पुढील गोष्टी कात्रण काढून घरात ठेवाव्यात, सहलीला निघताना उपयोगी पडतील.

१. त्या दिवसाचा आणि पुढच्या दोन दिवसांचा हवामान अंदाज पाहा. वादळाचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला.

२. लाँचवर किती माणसांचा परवाना आहे ते बहुधा लिहिलेले असते. ते वाचा. गर्दी जास्त दिसली तर चढू नका, पुढच्या फेरीने जा.

३. जॅकेट मागा आणि अंगात घाला, बांधा. बाकाखाली ठेवलेले जॅकेट वेळेला सापडत नाही. मुलांना मुलांच्याच मापाचे हवे, मोठ्याचे जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून जाते.

४. बोट हलू लागली की बसून राहा. एका बाजूला धावू नका, फोटोसाठीही कठड्याला गर्दी करू नका.

५. मोठ्या बोटीवर वादळात जिना चढता-उतरताना कठडा धरा, दाराच्या फटीत बोटे घालू नका, टेबलावरच्या वस्तू खाली ठेवा. पायांत न घसरणाऱ्या चपला असाव्यात.

६. कोणते मूल कोणत्या मोठ्या माणसाने सांभाळायचे हे आधीच ठरवा. 'मला वाटले तुझ्याजवळ आहे' असे नंतर म्हणून उपयोग नसतो.

७. सारंग, तांडेल, खलाशी जे सांगतील ते ऐका. पण बोट भरल्यावरही ते माणसे घेत असतील किंवा जॅकेट देत नसतील, तर 'नाही' म्हणायला घाबरू नका.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. आपल्या कष्टकरी माणसाला सवय असते ती मिळेल त्या जागेत अंग चोरून बसण्याची. ट्रकमध्ये, टेम्पोत, ट्रॉलीत आपण असेच जातो. 'सगळे बसले आहेत, आपणच कशाला नखरे करायचे?' असे वाटते. परंतु जॅकेट मागणे हा नखरा नव्हे, तो तिकिटाइतकाच आपला हक्क आहे. एका बाईने मागितले की तिच्या शेजारची मागते, मग सारी लाँच मागते. मालकाला द्यावेच लागते.

घारापुरीला अवश्य जा. तिथल्या लेण्यांबरोबर पूर्वेकडच्या टेकडीवर प्राचीन स्तूपही आहे, तो मुलांना दाखवा. गोव्याला जा, जमले तर क्रूझनेही जा. भिगवणला होडीत बसून पक्षी पाहा. फक्त बोट सुटण्यापूर्वी दहा मिनिटे घरातल्या सर्वांना जवळ बसवून वर दिलेल्या सात गोष्टी वाचून दाखवा, आणि प्रत्येकाच्या जॅकेटचे बंद स्वतःच्या हाताने ओढून पाहा.